अकरा जणींचं सुतक

आदिलाबादजवळ मावल्याच्या रस्त्यावरून कापसाच्या गाड्या जायला लागल्या की कडेच्या बाभळींना कापूस लागतो. गाडी इतकी कोंबून भरलेली असते की ताडपत्रीबाहेर आलेले पुंजके काट्यांत अडकतात, आणि आठ दिवसांत बाभळींची सगळी रांग पांढरी दिसायला लागते. माझ्या खिडकीतून ती दिसते. दरवर्षी ती दिसली की माझ्या पोटात एक जुनी जळजळ सुरू होते. कोणाला थंडीत दमा उठतो, कोणाचे गुडघे धरतात. मला या दिवसांत हेवा उठतो. कोणाचा, तर आई मेलेल्या एका पोरीचा. हे वाक्य लिहिताना मलाच कसंतरी झालं. पण खरं आहे, आणि यंदा ते लिहून काढायला माझ्याजवळ वेळ आहे.

वेळ आहे, कारण यंदा माझीच आई गेली. आज आठवा दिवस. लग्न झालेल्या लेकीला तीनच दिवसांचं सुतक असतं, असं शेजारच्या काकूंनी मला दोनदा येऊन सांगितलं. पण मला भाऊ नाही, आणि आई गेली सात वर्षं माझ्याच घरी होती. मी दहा दिवस धरले. शाळेतून रजा घेतली. माझी पहिली-दुसरीची मुलं दुसऱ्या बाईंच्या वर्गात जाऊन बसत असतील आणि त्या मला मनातून बोलत असतील. बोलू देत. डोक्याला तेल नाही, कपाळाला टिकली नाही, भाजीला फोडणी नाही. दिवसभर घरात बसून रस्त्याकडे बघायचं, एवढंच काम.

कोरड्या केसांचा एक वास असतो. धूळ आणि ऊन मिसळलेला. आरशासमोरून जाताना तो आला आणि मी एकदम पंधरा वर्षं मागे गेले, शाळेच्या मैदानावर, कडुलिंबाखाली. तिथे अशाच कोरड्या केसांच्या अकरा पोरी उभ्या होत्या. बारावी मी होते, आणि माझ्या डोक्यावरून तेल ओघळत होतं.

आमचं गाव पैनगंगेच्या अलीकडे. नदी ओलांडली की महाराष्ट्र, त्यामुळे सोयरीक तिकडे आणि रेशनकार्ड इकडे. शाळा सरकारी, मराठी माध्यमाची, पण पाटी तेलुगूत. आमचे खेळाचे सर वरंगलकडचे. त्यांना मराठी कळायचं, बोलता यायचं नाही, म्हणून ते आमच्याशी त्यांच्या हिंदीत बोलायचे. साहित्याच्या नावाखाली शाळेत एक हवा गेलेला व्हॉलीबॉल होता. सरांनी विचार केला की ज्या खेळाला काहीच लागत नाही तो खेळ घ्यावा. दोन खांब रोवले, चुन्याच्या रेघा मारल्या आणि मुलींचा खो-खोचा संघ काढला. आम्ही बारा जणी, सगळ्या नववी-दहावीच्या.

त्यात लली सगळ्यांत चपळ. ललिता नाव, पण सरसुद्धा लली म्हणायचे. ती खांबाला वळसा घालताना अंग असं आडवं टाकायची की पळणाऱ्या पोरीला आपण बाद कशा झालो ते बाहेर आल्यावर कळायचं. मी दुसऱ्या नंबरची. दुसरा नंबर हा फार वाईट. तिसऱ्या-चौथ्याला काही अपेक्षा नसते, दुसऱ्याला रोज पहिला दिसत राहतो. तरी तोवर माझं जळणं साधं होतं, खेळापुरतं. तिच्या पायांचा हेवा वाटायचा, घरी जाईपर्यंत विसरायचे.

दहावीच्या वर्षी, दसरा उलटून दिवाळी जवळ आली तेव्हा, ललीची आई कावीळ होऊन गेली. चार दिवस आदिलाबादच्या दवाखान्यात होती, पाचव्या दिवशी गाडीतून परत आणली. शेतात कापूस फुटायला लागला होता.

दुसऱ्या दिवशी आमची कप्तान संगी हिनं सगळ्यांना कडुलिंबाखाली बोलावलं. संगीता नुसती कप्तान नव्हती, जन्मजात सासू होती. ती म्हणाली की ललीच्या घरी आळीपाळीनं डबा न्यायचा, शाळेतल्या वह्या तिच्यासाठी उतरवायच्या, आणि रविवारी तिच्या शेतात कापूस वेचायला जायचं, कारण यंदा तिची माय वेचायला नाही. आणि मग तिनं ती गोष्ट सांगितली जी गावात आजवर कोणी केली नव्हती.

"तिचं सुतक आपन समद्याजनी धरू. दहा दिवस. तेल नाई, टिकली नाई, फोडनीचं नाई. ती एकटी कोरड्या केसानं शाळेत कशी बसंन?"

कोणी नाही म्हणालं नाही. एकीच्या डोळ्यांत तर लगेच पाणी आलं. मी पायाच्या अंगठ्यानं चुन्याची रेघ उकरत होते. आतून मला कोणीतरी चिमटीत धरल्यासारखं झालं होतं.

कारण दीड वर्षापूर्वी, मी आठवीतून नववीत जाताना, माझे बाबा गेले होते. मे महिना होता. शाळा बंद, सर वरंगलला, पोरी मामाच्या गावाला. विजेचा धक्का लागून ते शेतातच गेले. दहा दिवस मीही कोरड्या केसांनी बसले होते, दाराच्या आत, उंबऱ्याकडे बघत. पाहुणे आले, गेले. शाळा उघडली तेव्हा माझे केस तेल लावून घट्ट विंचरलेले होते, सगळं रीतसर उरकलं होतं. मैदानावर सरांनी शिट्टी वाजवली आणि मी पळायला लागले. कोणीतरी विचारेल म्हणून मी जूनभर वाट पाहिली. जुलैतही पाहिली. सगळ्यांना माहीत होतं, गाव केवढं ते! पण कोणी विचारलं नाही, आणि मग मी सगळ्यांपेक्षा मोठ्यानं हसायला लागले. शोभी लय हसरी हाय, असं माझ्याबद्दल सगळे म्हणायचे. मला तो शब्द आजही आवडत नाही.

सुट्टी होती म्हणून कोणी आलं नाही, हे मला तेव्हाही समजत होतं. पण हेव्याला कारणं सांगून उपयोग नसतो. मला ललीचं दुःख नको होतं, ते माझ्याजवळ होतंच, चांगलं दीड वर्ष जुनं. मला तिच्याभोवती बसलेल्या त्या दहा पोरी हव्या होत्या. माझ्या वाटणीचं कोणीतरी उचलून तिच्या ताटात वाढत होतं आणि मला वाढणाऱ्यांच्या ओळीत उभं करत होतं.

मी संगीला सांगितलं की माझी आई करू देणार नाही. हे धडधडीत खोटं होतं. बाकीच्या पोरींच्या घरी खरंच आरडाओरडा झाला. आईबाप जिवंत असताना दुसऱ्याच्या घरचं सुतक ओढवून घेता म्हणून एकीला मार बसला, एकीची आजी दोन दिवस बोलली नाही. माझ्या आईला मी विचारलंच नव्हतं.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी आईची पत्र्याची पेटी उघडली. त्यात तळाशी टिकल्यांचं एक पाकीट होतं, मोठ्या, गडद लाल, बंद्या रुपयाएवढ्या. बाबा गेले तेव्हा ते नुकतंच आणलेलं होतं, त्यातली एकही तिनं लावली नव्हती. फेकून द्यायला मन झालं नसेल. मी त्यातली एक काढली आणि कपाळाच्या मधोमध लावली. वाटीभर तेल डोक्यावर थापलं. मागे वळले तर आई चुलीजवळून बघत होती.

"माह्या पाकिटातली हाय ना ते?" तिनं विचारलं.

मी हो म्हणाले. ती पुन्हा भाकरीकडे वळली आणि म्हणाली, "लाव. पडूनच हायत."

आईवर रागावायला मला तेव्हा कारण मिळालं नाही. मिळालं असतं तर बरं झालं असतं.

शाळेत पोरी एकेक करून आल्या, भुरभुरत्या केसांच्या, मोकळ्या कपाळांच्या. प्रार्थनेच्या रांगेत अकरा जणी ओळखू येत होत्या. लली मधे उभी होती, मान खाली, आणि संगीनं तिचा हात धरला होता. सर आले, त्यांनी डोळे बारीक करून पाहिलं आणि म्हणाले, "क्या मा, सबके घर का तेल एकसाथ खतम हो गया?" संगीनं कारण सांगितलं. सरांनी शिट्टी खिशात टाकली आणि भिंतीकडे तोंड करून बराच वेळ उभे राहिले. मग वळून माझ्याकडे बघितलं. फक्त बघितलं. ती नजर मी आजवर कोणाला सांगितली नाही.

खो-खोत आठ जणी ओळीत बसतात, एकीचं तोंड इकडे तर दुसरीचं तिकडे, आणि नववी पळते. बसलेलीनं मागे बघायचं नसतं. पाठीवर हात पडून 'खो' ऐकू आलं की उठायचं. ते दहा दिवस मी त्या ओळीत बसत होते, पण सगळ्यांची तोंडं एकीकडे आणि माझं एकटीचं दुसरीकडे. त्यांचे डबे बिनफोडणीचे, माझ्या डब्यात लसणाची फोडणी. जेवायला त्या गोल करून बसल्या की माझ्या डब्याचा घमघमाट सुटायचा आणि मी झाकण लावून टाकायचे. मी स्वतःहून बाहेर राहिले होते, तरी बाहेर ठेवल्याचा राग मला त्यांचाच येत होता. हे कसं काय, ते मला विचारू नका. ज्यांनी कधी हेवा केला असेल त्यांना ठाऊक असेल.

सहाव्या दिवशी मंडल पातळीचा, म्हणजे तालुक्याचा, सामना होता. समोरच्या संघातल्या पोरी आमच्याकडे बघून कुजबुजत होत्या, या अशा काऊन आल्या म्हणून. आम्ही हरलो. ललीला पळताच येत नव्हतं, खांबापर्यंत जाऊन ती थांबायची आणि खांबाला धरून उभी राहायची. तिला कोणी एक शब्द बोललं नाही. मी दोन गडी बाद केले, त्याबद्दलही कोणी काही बोललं नाही. नंतर सरांनी त्यांच्या मोबाइलवर फोटो काढला. त्यात अकरा मोकळी कपाळं आहेत आणि डाव्या कोपऱ्यात एक मोठी टिकली. तो फोटो आता आमच्या व्हॉट्सअ‍ॅपच्या ग्रुपवर आहे, आणि दरवर्षी कापसाच्या दिवसांत कोणीतरी तो पुन्हा टाकतं. मी दरवेळी त्यावर दोन हात जोडते आणि फोन उलटा ठेवते.

मग रविवार आला. आभाळ भरून आलं होतं. फुटलेल्या बोंडावर पाऊस पडला की कापूस काळा पडतो, तेव्हा थांबायची सोय नव्हती. मी जाणार नव्हते. पण गेले नसते तर ते फार दिसून आलं असतं, म्हणून उशिरा गेले, आणि बांधावर उभी राहिले. पोरींनी वेचलेला कापूस टाकायला कमरेला ओट्या बांधल्या होत्या, एकेकीनं झाडांची एकेक ओळ, म्हणजे पात, धरली होती, आणि काम मात्र सुरू झालेलं नव्हतं.

आमच्याकडे कापसाचा पहिला वेचा करण्याआधी सीतादही करतात. घरच्या बाईनं पहिल्या पऱ्हाटीला, म्हणजे कापसाच्या झाडाला, हळदकुंकू लावायचं, पानावर दहीभात ठेवायचा, चारी दिशांना दह्याचे घास उडवायचे, आणि मगच पहिलं बोंड वेचायचं. ललीची आई ते करायच्या आधीच गेली होती. ललीची परगावची आत्या दह्याचं गाडगं घेऊन शेतात आली होती, पण ती सुतकात. लली सुतकात. शेजारची शेतं भावकीची, तेही सुतकात. बाकीच्या बाया पावसाच्या भीतीनं आपापल्या रानात गुंतलेल्या. आत्यानं वाटेतच हिशोब केला होता की भाचीच्या मैत्रिणी येणार आहेत, त्या बाहेरच्या, त्यातली एखादी करेल.

तिनं गाडगं पुढे केलं. पोरी एकमेकींकडे बघायला लागल्या. शेवटी संगी म्हणाली, "आमाले नाई चालत आत्या. आमी बी सुतक धरलं."

"तुमी? तुमच्या घरी कोन मेलं वं?"

"आमी ललीचं धरलं."

आत्यानं गाडगं ढेकळावर ठेवलं आणि कपाळाला हात लावला. एवढ्या पोरी, आणि एक कामाची नाही! ती आधी हसली, मग हसता हसता तिला रडू फुटलं, आणि तिला बघून सगळ्या रडायला लागल्या. आईच्या मरणानंतर लली चारचौघांत रडली ती तेव्हाच. आणि त्या रडण्यात संगीची नजर फिरत फिरत बांधावर आली, जिथे मी तेल चोपडलेल्या डोक्यानं आणि रुपयाएवढ्या टिकलीनं उभी होते.

"शोभी हाय ना," ती म्हणाली. "शोभी बाहेर हाय."

मला पळून जावंसं वाटलं. पण सगळ्यांचे चेहरे माझ्याकडे वळले होते, आणि त्यांच्यात राग नव्हता. संगीच्या तोंडावर तर कौतुक होतं. ती बाकीच्यांना सांगत होती की शोभीनं आधीच विचार केला होता, एकीनं तरी बाहेर राहावं लागते, आपल्या ध्यानातच आलं नाही. मी ते खोडून काढलं नाही. तोंड उघडलं असतं तरी काय सांगणार होते?

आत्यानं माझ्या हातात गाडगं दिलं आणि रीतीप्रमाणे विचारलं, "मायबाप हायत ना वं तुले?"

"माय हाय," मी म्हणाले. "बाप नाई."

पोरींच्या समोर ते मी पहिल्यांदा बोलत होते. दीड वर्ष कोणी न विचारलेलं एका परक्या बाईनं दह्याच्या गाडग्यापायी विचारलं होतं. आत्या म्हणाली चालते, माय हाय ना. मी पऱ्हाटीसमोर बसले, हळदकुंकू लावलं, पानावर दहीभात ठेवला. चारी दिशांना घास उडवले. आणि तेव्हा मागून माझ्या पाठीवर कोणाचा तरी हात पडला, खो देतात तसा, पण खो म्हणालं नाही कोणी. हात तिथेच राहिला. मी मागे बघितलं नाही. सवयच नव्हती.

त्या दिवशी आम्ही दुपार उलटेपर्यंत वेचलं. बोंडाच्या टोकांनी बोटं सोलली. पाऊस आलाच नाही, नुसतं गडगडून गेला. पोरी माझ्या दोन्ही बाजूंच्या पातींत होत्या, आणि संगी मला 'तुह्या ध्यानात कसं आलं वं' असं पुन्हा पुन्हा विचारत होती. मला जे हवं होतं ते मिळालं होतं. फक्त ते मला मिळालं नव्हतं, त्या दूरदृष्टीच्या शोभीला मिळालं होतं, जी कधी नव्हतीच. मग मी तिचाही हेवा करायला लागले.

पुढे कोणाला मार्क पडले, कोणाची लग्नं झाली. मी शिक्षिका झाले, मावल्यात घर केलं, आईला घेऊन आले. लली भैंशाला दिली, तिच्या सासरी सरकी-ढेपेचं दुकान आहे. दरवर्षी कापूस सुरू झाला की तिचा फोन येतो. आपल्या मुलींना ती सीतादहीची गोष्ट माझ्या नावानं सांगते, आणि फोन त्यांच्या कानाला लावून म्हणते, हेच ते शोभामावशी. पोरी मला विचारतात की तुम्हाला आधीच कसं समजलं. मी म्हणते, असंच. पंधरा वर्षं मी हे असंच म्हणत आलेय. फोन ठेवला की आई विचारायची, लली काय म्हणत होती? मी तिलाही कधी काही सांगितलं नाही. टिकली तिच्या पाकिटातली होती, तेव्हा खरं कळायचा पहिला हक्क तिचा होता. आता तो प्रश्नही मिटला.

परवा रविवारी त्या आल्या. बाराजणींपैकी सात. संगी आता पार अमरावतीला असते, ती रात्रीच्या गाडीनं येऊन उतरली होती. मी दारात उभी राहिले आणि त्यांच्या डोक्यांकडे बघत राहिले. केस कोरडे होते. नवरे असलेल्या बाया, कपाळाची टिकली त्यांनी काढली नव्हती, आणि ते मी कोणाला म्हणणारही नाही. पण तेल नव्हतं, फूल नव्हतं, आणि संगीच्या डब्यातलं वरण बिनफोडणीचं होतं. मी तिच्या गळ्यात पडले. बाबांचं राहिलेलंही त्यातच रडून घेतलं असावं, कारण ते बराच वेळ चाललं.

सगळ्यांच्या मागून लली आली. डोकं तेलानं चपचपीत. घट्ट वेणी, त्यात अबोलीचा गजरा. आणि कपाळाच्या मधोमध रुपयाएवढी लाल टिकली.

खरं सांगते, माझ्या पोटात जाळ उठला. बाकीच्या सहा जणींनी केलं, आणि हिनं नाही. जिच्यासाठी आम्ही, म्हणजे त्यांनी, दहा दिवस घरच्यांचा मार खाल्ला, ती नटून आली. आईच्या सुतकातसुद्धा मला हेवा सोडत नव्हता. आता तो संगीच्या कोरड्या केसांपासून सुरू होऊन ललीच्या गजऱ्यावर येऊन बसला होता. तेवढ्यात संगी म्हणाली, "तिले कोनी काई म्हनू नका. एकीनं बाहेर राहावं लागते. शोभीनंच शिकवलं नाई का?"

लली सरळ देव्हाऱ्याशी गेली. तिथला दिवा आई लावायची, सहा दिवस तो मी बंद ठेवला होता, नवऱ्यालाही लावू दिला नव्हता. तिनं वात वळली, तेल घातलं, दिवा लावला. आई रोज जसा सरकवून ठेवायची तसा थोडा डावीकडे सरकवला. हे तिला कसं माहीत, मला कळलं नाही. कदाचित सगळ्याच बाया तसा सरकवत असतील.

मग ती चहा ठेवायला स्वयंपाकघरात आली, मी मागे गेले. बाहेर सगळ्या बोलत होत्या. मी ओट्याला धरून उभी राहिले आणि म्हणाले, "लले, तवा मी काई विचार केला नोता. मी तुह्यावर जळत व्हती."

तिनं साखरेचा डबा शोधला, दोन चमचे टाकले. मग म्हणाली, "मालूम हाय."

"कवापासून?"

"तवापासूनच. तू रोज मुगाएवढी टिकली लावे. त्या दिवशी एवढी मोठी लावून आली. मले दिसत नोती का?"

मी फळीवरून कपबशा खाली काढल्या. शेवटी विचारलं की मग इतकी वर्षं तोंडातून का काढलं नाहीस, मुलींना कशाला ती गोष्ट सांगत राहिलीस. लली चहाकडे बघत होती. तिचा आवाज खाली गेला.

"तुह्या बापाच्या वक्ताले समद्या मामाच्या गावाले गेल्या व्हत्या ना? मी नोती गेली. मी गावातच व्हती, शोभे. तुह्या दारावरून दोनदा गेली. तू उंबऱ्याच्या आत बसेल दिसली मले. मले आत याले भेव वाटलं. मंग मी कोन्या तोंडानं तुले म्हनू, का तू जळत व्हती?"

चहा उतू गेला. आम्ही दोघींनी मिळून ओटा पुसला.

मी आईची पेटी उघडली आणि तळाचं पाकीट काढून तिला दाखवलं. एक जागा रिकामी, बाकीच्या तशाच. गोंद वाळून खडबडीत झालाय. लली म्हणाली की मेणानं चिकटते, तिच्या सासूजवळ आहे मेणाची डबी. दहाव्याला ती येणार आहे. "तुले मी लावीन," म्हणाली. गजऱ्यातली फुलं गळून माझ्या ओट्यावर पडली होती, ती मी अजून उचललेली नाहीत.

हेवा गेला, असं लिहिलं तर लेख छान संपेल. पण गेलेला नाही. उलट आता मला तिच्या पंधरा वर्षांच्या गप्प राहण्याचा हेवा वाटतो. मला सगळं ठाऊक असतं तर मी आठ दिवसांत संगीला सांगून मोकळी झाले असते.

बाभळी आज आणखी पांढऱ्या झाल्यात. परवा दहावा. भैंशाहून येणारी पहिली बस साडेनऊच्या सुमारास रस्त्यावर थांबते. पाकीट मी खिडकीत ठेवलंय, आणि त्या मे महिन्यात उंबऱ्याकडे बघत बसले होते तशीच बसलेय. फक्त या वेळी कोण येणार आहे ते मला माहीत आहे.